न केलेल्या सरबताची ख्याती

बेलाचं सरबत मी आयुष्यात कधी केलेलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण जिथं सांगायला हवं होतं तिथं ते मला सांगता आलं नाही. कागदावर मी बराच धीट असतो. समोर माणूस आला की घोटाळा होतो.

त्या दिवशी समोर आल्या बेबाबाई. आखाजीला आठ दिवस राहिले होते. साडेदहा वाजले होते, आणि अमळनेरात त्या दिवसांत साडेदहाला सकाळ म्हणायचं ते केवळ सवयीनं. डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून त्या पायरीवर उभ्या राहिल्या. मागच्या गल्लीत त्यांचं घर. त्यांचे यजमान चुडामणभाऊ, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, गेल्या दिवाळीनंतर झोपेतच गेले. एकतीस वर्षांत त्यांनी गाडीला कधी धक्का लागू दिला नव्हता. जातानाही कुणाला लागू दिला नाही.

"नाना, एक काम व्हतं."

"बसा ना, अक्का." त्या माझ्याहून चार वर्षांनी लहान आहेत, पण सगळी गल्ली अक्का म्हणते म्हणून मीही म्हणतो. वेगळं काही म्हणायला धाडस लागतं.

"बसत नही. आखाजीले त्यास्नी पहिली घागर शे. तुम्ही पितर बसा."

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं नवी घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, आणि एका जिवंत माणसाला त्याच्या जागी पाटावर बसवून पोटभर जेवू घालतात. तो जेवला की गेलेला जेवला. पहिल्या वर्षाची घागर तर फार जपून करतात. त्याला जे आवडायचं ते ताटात असावं लागतं. पितर अर्धपोटी उठला, तर घरच्यांना वर्षभर घास गोड लागत नाही.

मला गहिवरून आलं. मला सहसा कुणी कशाला बोलावत नाही. ज्येष्ठ नागरिक संघ बोलावतो, पण खुर्च्या मांडून झाल्यावर मी शेवटच्या रांगेत बसावं अशी सर्वांची, आणि माझीही, अपेक्षा असते. शिवाय काम जेवायचं होतं. त्यात चुकण्यासारखं काय आहे, असं वाटून मी हो म्हणालो.

"आनि येतांना तुमनं ते बेलनं सरबत लई या."

"माझं काय?"

"बेलनं सरबत. त्या, आमना घरना, रोज तुमनाकडे पियेत ना! घर ईसन म्हणेत, काय सरबत करस नाना, पोटमा ठंडक पडी गयी. मी दोनदा करी दिन्हं, ते म्हणेत, चांगलं शे, पन नानासारखं नही." पदर डोळ्यांकडे गेला. "आते त्यानाशिवाय त्यासले कसं धाडू?"

आता वस्तुस्थिती सांगतो. चुडामणभाऊ दोन वर्षं, रविवार सोडून, रोज दुपारी तीनला माझ्याकडे यायचे हे खरं. पण मी त्यांना पाजत होतो ते माठातलं पाणी. फार तर माठात वाळ्याची जुडी असायची, तीही जुनी. मी एकटा राहतो. लग्न केलं नाही. त्यावर विचार चालू असतानाच निवृत्त झालो. शाळेच्या ग्रंथालयात तेहेतीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली, त्यामुळे स्वयंपाकघरात माझा हात पोहे आणि खिचडीच्या पुढे गेलेला नाही.

मग ते येऊन करायचे काय? हे लिहिताना संकोच वाटतो. गेली एकोणीस वर्षं मी आमच्या तालुक्यातल्या जुन्या विहिरींवर काही लिहीत आहे. फुलस्केप तीनशे चाळीस पानं झाली आहेत. ही गोष्ट कुणालाही माहीत नव्हती. चुडामणभाऊ एकदा शाळेतल्या जुन्या ओळखीवर सहज टेकायला आले, मी कागद लपवायला गेलो, आणि त्यांनी विचारलं, "काय लिही राहिनात?" मी घाबरून एक पान वाचून दाखवलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "या इहिरनं पाणी मी पियेल शे. मचूळ." दुसऱ्या दिवशी तीनला पुन्हा हजर. मी वाचायचो, ते भिंतीला टेकून ऐकायचे. ऐकायचे की ऊन टाळायला बसायचे, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

तेव्हा माझ्यापुढं दोनच वाटा होत्या. सरबत नव्हतं म्हणावं, तर गेलेला माणूस बायकोशी रोज खोटं बोलत होता असं ठरणार, तेही त्याच्या पहिल्या घागरीच्या तोंडावर. होतं म्हणावं, तर खोटं बोलणारा मी. मी या दोन्ही बाजूंचा नीट विचार केला. विचार पूर्ण झाला तेव्हा अक्का गल्लीच्या टोकाला पोहोचल्या होत्या.

म्हणजे आठ दिवसांत मला बेलाचं सरबत करायचं होतं, आणि ते कुणीही पूर्वी न चाखलेल्या त्या सरबतासारखं लागायला हवं होतं.

पुस्तकात पाहावं ही माझी पहिली धाव. घरात विहिरींवर चार पुस्तकं आहेत, पेयांवर एकही नाही. म्हणून शेजारच्या सुकदेवभाऊंना विचारलं. सुकदेवभाऊ निवृत्त कृषी सहायक आहेत. कपाशीवरच्या बोंडअळीपासून पोटातल्या गॅसपर्यंत सर्व विषयांवर ते सारख्याच अधिकारानं बोलतात. मी अगदी आडून विचारलं, की समजा, एखाद्याला बेलाचं सरबत करायचं असेल तर...

"मला काय विचारता नाना? तुमचंच तर नावाजलेलं आहे!"

"कोण म्हणतं?"

"बठ्ठी कॉलनी म्हणते. चुडामणभाऊ सांगायचा ना. आणि मी स्वतः दोनदा प्यायलोय तुमच्याकडे."

"माझ्याकडे?"

"मागच्या उन्हाळ्यात. छान होतं. वेलची जरा कमी पडते तुमची, बाकी छान."

इतक्या ठामपणे कुणी काही सांगितलं की मला स्वतःविषयी शंका येऊ लागते. मी घरी जाऊन डबे उघडून पाहिले. वेलची नव्हतीच. म्हणजे कमी पडत असणार हे खरं.

संध्याकाळपर्यंत कळलं की अक्कांकडे पंचवीस पानं उठणार आहेत आणि सगळ्यांना 'नानांचं सरबत' मिळणार असं सुकदेवभाऊंनी परस्पर जाहीर करून टाकलं आहे. समोरच्या सुलक्षणाताई प्राथमिक शाळेत शिकवतात. त्यांना माझा चेहरा पाहून दया आली असावी. त्या म्हणाल्या, "नाना, पंचवीस जणांना बेल कशाला? कैरीचं पन्हं करा. उकडा, गूळ घाला, झालं. नाहीतर ताक. नाहीतर सातूचं पीठ पाण्यात कालवा, त्यात चूक व्हायला जागाच नाही." त्यांच्या सासूबाई आतून ओरडल्या, धने-जिऱ्याचं पाणी सांग म्हणावं, पित्ताला चांगलं. दूधवाल्यानं बडीशेपेचं सरबत सुचवलं. इतकी सोपी पेयं जगात असताना चुडामणभाऊंनी बेलच का निवडला, हे मला समजेना. खोटंच बोलायचं होतं तर लिंबू म्हणायला काय हरकत होती?

दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो. कठीण कवचाची, गोल, पांढुरकी फळं एका टोपलीत दिसली. सात घेतली. पिशवी घेऊन येताना चालण्यात थोडी ऐटही आली होती, हे कबूल करतो. सुकदेवभाऊंनी पिशवीत डोकावलं आणि ओट्यावर बसून हसू लागले.

"नाना, ही कवठं आहेत!"

"थोडाफार फरक असेल..."

"चटणीत आणि सरबतात असतो तेवढाच!"

माझी सात कवठं कॉलनीभर वाटली गेली. चार घरांत चटणी झाली. मला कुणी दिली नाही. नानांकडे असेलच, असं प्रत्येकाला वाटलं.

बेलाची पानं बाजारात दिसतात, पण फळ विकायला कुणी आणत नाही, असं कळलं. झाड मात्र होतं. नदीच्या बाजूला एका सरकारी विश्रामगृहाच्या आवारात मोठा बेल आहे. खातं कोणतं ते लिहीत नाही. माणसं चांगली होती. फळं पिकून पिवळी झालेली कुंपणाबाहेरून दिसत होती. मी आत जाऊन रखवालदाराला, वना त्याचं नाव, नम्रपणे विचारलं, की पाचसात फळं घेतली तर चालतील का.

"आबा, माले काय शे? लई जा. पन साहेबनी बोर्ड लाईसन ठेयेल शे."

बोर्डावर लिहिलं होतं : 'फळे तोडण्यास सक्त मनाई. परवानगीसाठी कार्यालयात भेटा.' दुसरा कुणी असता तर वनाच्या पहिल्या वाक्यावर थांबला असता. मी वाचणारा माणूस. मी बोर्डावर थांबलो आणि कार्यालयात भेटलो.

तिथं दिपमाला मॅडम होत्या. त्यांनी मला आधी बसवलं, पाणी दिलं, बी.पी.ची गोळी घेतली का विचारलं. मग कोरा कागद पुढं केला.

"प्रयोजन लिहा, आबा."

मी लिहिलं : 'पितरास सरबत पाजणे.'

त्यांनी वाचून हलकेच मान हलवली. "असं चालत नाही. धार्मिक, औषधी की शैक्षणिक?"

"यातलं सोपं कोणतं?"

"धार्मिक असेल तर संस्थेचं पत्र लागतं. औषधी असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी. शैक्षणिक सोपं आहे. पण त्यात फळ बघून परत करावं लागतं."

शेवटी 'घरगुती' असा चौथा रकाना त्यांनी माझ्यासाठी स्वतःच्या हातानं आखला. अर्जात वय त्र्याहत्तर लिहिलं. व्यवसायापुढं काय लिहावं सुचेना. मॅडमनी 'निरंक' भरलं. तसं ते चुकीचं नव्हतं. पण सही साहेबांची लागणार होती, साहेब धुळ्याला उष्माघाताच्या बैठकीला गेले होते, आणि तिथून रजा जोडून आखाजी झाल्यावर येणार होते.

पोच खिशात घालून मी निघालो. ऊन असं होतं की फाटकापर्यंत जाण्याआधी सावलीत उभं राहणं भाग होतं, आणि आवारात सावली एकाच झाडाची होती. मी तिथं उभा राहिलो तोच धप्प आवाज झाला. माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर एक पिकलेला बेल पडला, थोडा तडकलेला. काय वास होता! मी वाकून तो उचलला. वाईट हेतू नव्हता. पडलेलं पुस्तक उचलायची सवय असलेला हात तो.

"आबा!" वना धावत आला. "उचलं का तुम्ही?"

मी चोर नाही, हे मी इतक्या वेळा म्हणालो की मलाच संशय आला असता. वना बिचारा गोंधळला. "मॅडमले ईचारी टाकू," असं म्हणून त्यानं मला पुन्हा कार्यालयात नेलं. पुढं वना, मागं मी, माझ्या दोन्ही हातांत ते फळ. व्हरांड्यात कामासाठी पाचसहा माणसं बसली होती. त्यातला एक उठून उभा राहिला. "सर? तुम्ही?" माझा जुना विद्यार्थी. त्याला शाळेत असताना एक पुस्तक उशिरा आणल्याबद्दल मी चार माणसांत बोललो होतो. त्यानं माझ्या हातातल्या फळाकडं पाहिलं आणि सभ्यपणे तोंड फिरवलं. ते तोंड फिरवणं मला फार लागलं.

दिपमाला मॅडमनी जुनं परिपत्रक काढलं, चष्मा लावून दोनदा वाचलं. "तोडलेल्या फळाला परवानगी लागते," त्या म्हणाल्या. "पडलेल्या फळाबद्दल यात काही लिहिलेलं नाही."

"मंग झालं ते!" वना खुलला. "आबा, झाडखाल बठा. पडतीन."

पुढचे तीन दिवस दुपारी मी त्या झाडाखाली बसलो. हे वाक्य लिहायला सोपं आहे. बसायला तसं नाही. बेल हे फळ आपल्या मनानं पडतं आणि पंचेचाळीस अंशांत त्याचंही मन लागत नसावं. डोक्यावर पडू नये म्हणून मी पितळी परात धरून बसायचो. पहिल्या दिवशी एक पडलं. दुसऱ्या दिवशी दोन बाया रस्त्यानं जाताना थांबल्या, बेलाखाली परात घेऊन बसलेला म्हातारा पाहून एकीनं हात जोडले, दुसरीनं मी जरा मांडीवर टेकवलेल्या परातीत फूल टाकलं. मी उठून खुलासा करावा असं म्हणत होतो, पण त्या पायांना हात लावून निघूनही गेल्या. कॉलनीत बातमी आली की नानांनी मित्रासाठी कसलं तरी व्रत धरलं आहे. सुकदेवभाऊ मुद्दाम बघायला आले आणि वारा पश्चिमेचा असेपर्यंत फळ पडत नाही हे शास्त्र सांगून गेले.

तिसऱ्या दिवशी वनाला माझी कीव आली. तो खोडाला पाठ लावून उभा राहिला आणि अंग घुसळू लागला. अख्खं झाड हललं. धपाधप चार फळं पडली.

"वना, हे नियमात बसतं का?"

"पाठ खाजाडाले परवानगी लागस का, आबा?" तो म्हणाला. "लई जा. नेक काम शे."

फळं मिळाली. आता करणं आलं. सुलक्षणाताईंनी सांगितलं होतं : फोडा, गर काढा, पाण्यात भिजत घाला, हातानं कुस्करा, चाळणीतून गाळा, गूळ आणि वेलची घाला, बी मात्र फुटू देऊ नका. मी हे सर्व कागदावर उतरवून ओट्यापाशी भिंतीला चिकटवलं. आखाजीच्या सकाळी बत्त्यानं फळं फोडली, गर काढला, भिजवला, कुस्करायला बसलो. गर बोटांना असा चिकटला की चष्मा सारखा करायला गेलो तो चष्माच हाताला आला. सगळं संथ पण बरं चाललं होतं. इतक्यात सुकदेवभाऊ आले.

"हे असं संध्याकाळपर्यंत व्हायचं नाही. मिक्सरमध्ये टाका."

"पण बी..."

"अहो नाना, बियांतच तर सगळा गुण! मी कृषी खात्यात होतो की नाही?"

माणूस समोर उभा होता. नाही म्हणणं जमलं नाही. त्यांनीच घरून मिक्सर आणला, लावला, आणि दहा सेकंद म्हणत दोन मिनिटं फिरवला. बियांचं पीठ झालं. मी चमचाभर चाखलं. जीभ टाळूला लागली ती सुटेना, आणि सुटली तेव्हा कडवटपणा घशात उतरला होता.

"गूळ कमी आहे," सुकदेवभाऊ म्हणाले. गूळ घातला. मग गोड, कडू आणि चिकट झालं. सुलक्षणाताई धावत आल्या, त्यांनी मीठ घालून पाहिलं. सासूबाईंनी लिंबू पाठवलं. दूधवाला दारातूनच म्हणाला, सब्जा टाका, काही कळणार नाही. सब्जा फुगला आणि जे काही झालं ते चमच्याबरोबर एकसंध वर येऊ लागलं. सुकदेवभाऊंनी थेंब बोटावर घेऊन ताणून पाहिला. "नाना, खरं सांगू? हा डिंक आहे. यानं पुस्तकं बांधा." एवढं बोलून ते आंघोळीला निघून गेले, कारण त्यांनाही अक्कांकडे जेवायचं होतं.

साडेअकरा झाले होते. दुसरं करायला वेळ नव्हता. मी त्यात अर्धी बादली पाणी ओतलं, स्टीलच्या कॅनमध्ये भरलं, आणि उन्हातून निघालो. वाटेत दोनदा वाटलं की ठेच लागून कॅन सांडावा. ठेच लागेना. रस्ता नुकताच चांगला केला आहे.

अक्कांचं अंगण सारवलेलं होतं. मधोमध नवी घागर, तिच्यावर डांगर, त्याला कुंकवाची बोटं. अक्कांची मुलगी उषा यावलहून माहेरी आली होती; तिनं मला पाय धुवायला पाणी दिलं, पाटावर बसवलं, कपाळाला गंध लावलं. ताट आलं : खापरावरचे मांडे, आमरस, कटाची रशी, भजी, कुरडया. आणि ताटाच्या उजवीकडं अक्कांनी पितळी पेला ठेवला. चुडामणभाऊंचा. त्यात माझ्या कॅनमधलं सरबत त्यांनी स्वतः ओतलं.

"पहिले हाई प्या, नाना. मंग जेवन."

अंगणात सगळे थांबले. पितर प्यायल्याशिवाय कुणी पिणार नव्हतं. मी पेला तोंडाला लावला. चेहरा हलू द्यायचा नाही असं ठरवलं होतं आणि पेला रिकामा होईपर्यंत तो हलला नाही. नंतर माझ्या ताब्यात राहिला नाही. डोळ्यांतून पाणी आलं. बायकांना वाटलं, मित्राची आठवण.

मग सगळ्यांना वाटलं गेलं. उषानं एक घोट घेतला आणि पदर तोंडाला लावून मोरीकडं गेली. सुलक्षणाताईंनी आपला पेला हळूच भिंतीकडं सरकवला. सुकदेवभाऊ मोठ्यानं म्हणाले, "वा! तीच चव!" पण दुसरा घोट त्यांनीही घेतला नाही.

अक्का मात्र प्यायल्या. उभ्या उभ्या, माझ्याकडं बघत, सबंध पेला. शेवटचा घोट त्यांनी तोंडात जरा वेळ धरला, जणू नवऱ्याची आवड त्यात कुठं आहे ते शोधत होत्या. मग गिळला.

"नाना," त्या म्हणाल्या, "हाईच का ते?"

एवढंच विचारलं. रागानं नाही. हेच असेल तर त्या मानायला तयार होत्या. हेच मला सोसलं नाही. उद्यापासून त्या माझ्याकडून कृती घेऊन दर आखाजीला हा डिंक घागरीपुढं ठेवतील, हे मला स्पष्ट दिसलं.

"नाही, अक्का," मी म्हणालो. आवाज फारसा निघाला नाही, पण अंगण गप्प होतं, त्यामुळे पोहोचला. "मी सरबत कधी केलंच नाही. हे पहिलंच. चुडामणभाऊंना मी पाणी देत होतो."

"पाणी?"

"माठातलं."

अक्का खाली बसल्या. "पाणी ते घरमाबी व्हतं," त्या म्हणाल्या.

सुकदेवभाऊ खाकरले. आपण दोनदा प्यायलो होतो हे त्यांना आठवत असावं.

"मी रोज बोलू त्यासले," अक्का हळू आवाजात सांगू लागल्या. मला की घागरीला, कळत नव्हतं. "दुपारना लोकेस्ना घर जाईसन बठतस, लाज वाटस नही का? तो मानूस बोलत नही म्हनीसन रोज जावानं का? ते म्हणेत, नाना सरबत करी ठेवस, मी नही गऊ ते फेकनं पडस." त्या माझ्याकडं वळल्या. "मंग करेत काय तठे?"

"मी वाचत होतो. ते बसायचे."

"काय वाचेत?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "विहिरींबद्दल मी काही लिहिलं आहे. आपल्या तालुक्यातल्या. ते ऐकायचे... म्हणजे मला वाटतं, ऐकायचे."

पंचवीस माणसांनी माझ्याकडं पाहिलं. एकोणीस वर्षं सांभाळलेली गोष्ट अशी, गंध लावलेल्या कपाळानिशी, पाटावर बसून उघडी पडली. आमरसावर माशी बसली होती, ती वारायचंही मला सुचलं नाही.

"कोठलोंग उनं व्हतं?" अक्कांनी विचारलं.

"काय?"

"वाचानं. त्या गयात तवय."

"ते गेले तेव्हा तीनशे बारा पानांपर्यंत आलो होतो."

"सुकदेवभाऊ," अक्का म्हणाल्या, "नानास्ना घरथून ते कागदे लई या."

सुकदेवभाऊ कधी नव्हे ते एका शब्दावर उठले. परत आले ते पहिलं पान मोठ्यानं वाचत, गल्लीच्या टोकापासून, "'तालुक्यातील जुन्या विहिरी : एक अल्पसा प्रयत्न'! नाना, हे कधी हो?" दोन दारांतून माणसं बाहेर डोकावली. मी मान खाली घातली.

गठ्ठा माझ्या मांडीवर आला. तीनशे तेरावं पान काढलं. हात गरानं अजून चिकट होते, दोन पानं एकदम उलटली, ती सोडवली. पितरानं वाचावं आणि घरच्यांनी ऐकावं असा रिवाज कुठंही नाही. मी तसं म्हणूनही पाहिलं. अक्कांनी फक्त हातानं खूण केली.

मी वाचू लागलो. "'खडकवाडे गावची विहीर. खोली बावन्न हात. बांधणी काळ्या घडीव दगडाची. पायऱ्या उत्तरेकडून, एकूण अडतीस, पैकी सात निखळलेल्या. मोटेच्या दोन धावा. पूर्वेकडील भिंतीत कोनाडा, प्रयोजन अज्ञात...'" वाचताना मला प्रथमच ऐकू येत होतं की हे किती रुक्ष आहे. कोनाड्याची लांबी, रुंदी, उंची आली. दगडाच्या थरांची संख्या आली. एक नातेवाईक भिंतीला टेकले. कुणीतरी जांभई दाबली. मी डोळे वर न करता पान संपवत आणलं. "'पुढे दुष्काळात विहीर आटली. गावकऱ्यांनी वर्गणी काढून तळ आणखी दहा हात खोल खणावयास घेतला.'"

पान संपलं.

"दोन वरीस हाई ऐकं त्यास्नी?" अक्का म्हणाल्या.

"हो."

"रोज?"

"रविवार सोडून."

अक्कांनी घागरीकडं पाहिलं. मग त्यांच्या खांद्यात काहीतरी हललं. मला वाटलं रडताहेत. हसत होत्या.

"मानूस भलता सोशीक व्हता," त्या म्हणाल्या.

उषाही हसली, रडत रडत. सुकदेवभाऊ मोठ्यानं हसले, आणि आश्चर्य म्हणजे मला राग आला नाही. अक्कांनी डोळे पुसले, घागरीतलं पाणी त्या पितळी पेल्यात ओतलं आणि माझ्यापुढं ठेवलं. मी प्यायलो. गार होतं. घशातली कडू चव जरा खाली गेली.

"झालं ना मग, नाना," सुकदेवभाऊ म्हणाले. "बसा आता ताटावर. मांडे गार व्हायला लागले."

मलाही भूक लागली होती. सकाळपासून पोटात डिंकाशिवाय काही नव्हतं. मी कागद बाजूला ठेवून ताटाकडं हात नेला.

"थांबा," अक्का म्हणाल्या. "त्या इहिरले मंग पाणी लागनं का नही?"

"ते पुढच्या पानावर आहे."

त्या भिंतीला नीट टेकून बसल्या, पाय लांब केले, पदर आवरला.

"ताट झाकी ठेव, उषा," त्या म्हणाल्या. "पहिले पाणी लागू दे."